भांडुपच्या ताम्रपटातला एक शब्द आणि आपल्या पायाखालची खापरं

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रविवारी वाचा.

झालं असं, की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. जवळच्या गावठाणात जुनं घर पाडून टॉवरचा पाया खणायचं काम चालू आहे. जेसीबीनं काढलेल्या मातीच्या ढिगात काळी-तांबडी खापरं आणि एक निळसर चकाकणारा तुकडा. खाली लगेच कॉमेंट, "कुणाच्या तरी बाथरूमची टाइल असेल." दुसऱ्यानं लिहिलं, "जुनं काही निघालं असं बोलू नका हो, काम अडकेल." तिसऱ्यानं विषय भलतीकडेच नेला. खालच्या वस्तीत मशीद आहे, त्यावरून "हे लोक इथे आलेच कधी" वगैरे सुरू झालं. एकजण म्हणाला, तलवार घेऊन आले. दुसरा म्हणाला, ते तर पहिल्यापासूनच इथले. रात्री साडेबारापर्यंत चाललं. सकाळी डंपर माती घेऊन गेला.

तो निळा तुकडा टाइलचा होता की आणखी कशाचा, हे आता कधीच कळणार नाही. पण त्या रात्रीच्या प्रश्नाला बऱ्यापैकी पक्कं उत्तर आहे. आणि गंमत म्हणजे त्याची एक कडी घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या भांडुपात सापडली आहे.

भांडुपला एकोणिसाव्या शतकात एक ताम्रपट मिळाला. शके ९४८, म्हणजे इ.स. १०२६. राजा शिलाहार छित्तराज. हाच तो राजा, ज्याच्या काळात अंबरनाथच्या शिवमंदिराचं काम सुरू झालं असं मानतात. या ताम्रपटात राजानं एका ब्राह्मणाला षट्षष्टी विषयातलं एक शेत दान दिलं आहे. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट, सहासष्ट गावांचा मुलूख. त्याचंच पुढे 'साष्टी' झालं. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आपण जिथे राहतो ती साष्टी. म्हणजे आपल्या उपनगरांचा हजार वर्षांपूर्वीचा सातबाराच म्हणा ना.

दान देताना राजा कुणाकुणाला उद्देशून आज्ञा करतो, त्याची यादी अशा लेखांत असते. मंत्री, पुरोहित, अधिकारी, गावकरी, नगरातले लोक. त्या यादीत एक शब्द आहे, 'हंयमन' किंवा 'हंजमन'. हा संस्कृत शब्द नाही आणि मराठीही नाही. शिलाहारांच्या आणखीही काही ताम्रपटांत तो येतो.

जुन्या अभ्यासकांना वाटलं, हे एखाद्या शहराचं नाव असावं, बहुधा संजाणचं. मग कुणी म्हटलं, हे तर पारशांचं 'अंजुमन', म्हणजे सभा, पंचायत. तिकडे संजाणला पारशी उतरले होतेच. पण याच काळात आपल्या किनाऱ्यावर येऊन गेलेल्या अरबांच्या पुस्तकांत एक शब्द मिळतो, 'हुनरमन'. त्यांनी त्याचा अर्थही सांगितला आहे. परमुलखात राहणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांचा प्रमुख, त्यांचे तंटे सोडवणारा, राजानं मान्यता दिलेला. त्यामुळे आता बरेच अभ्यासक असं मानतात, की हंजमन म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांची संघटित सभा. तीत पारशी असतील, अरब असतील, दोघंही असतील. मुद्दा असा, की इथल्या शैव राजाच्या कागदावर (म्हणजे तांब्यावर) या बाहेरून आलेल्या लोकांची सभा नगरातल्या नागरिकांच्या पंक्तीला बसली आहे. तेही १०२६ साली. देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजी चालून आला १२९६ साली. मधे २७० वर्षं आहेत.

आता थोडं उत्तरेला जाऊ. बोरिवलीहून डहाणू लोकल पकडा, वाणगावला उतरा, तिथून चिंचणी. समुद्रकाठचं गाव. तिथे १९५५ मध्ये ताम्रपटांचा एक संच सापडला. दिनेशचंद्र सरकार यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यातला सगळ्यात जुना आहे शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६. राज्य राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राचं. वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्यानं खोदवलं, तेच राष्ट्रकूट.

हा ताम्रपट सांगतो, की आधीच्या कृष्णराजानं अख्खं संयान मंडल, म्हणजे संजाणचा प्रांत, एका माणसाच्या हाती सोपवला होता. त्याचं नाव मधुमती, दुसरं नाव सुगतिप. बापाचं नाव सहियारहार. वंश 'ताजिक'. त्या काळच्या संस्कृतात ताजिक म्हणजे अरब. आणि मधुमती हे 'मुहम्मद'चं संस्कृत रूप, असं सरकारांनी दाखवून दिलं. नाव कसं गोड करून घेतलंय बघा आपल्या लोकांनी!

या मधुमतीनं किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांचे प्रमुख जिंकून तिथे आपली माणसं बसवली, असं लेख म्हणतो. म्हणजे हा नुसता हिशोब ठेवणारा कारकून नव्हता, हत्यार चालवणारा होता. तलवार होतीच, पण ती राष्ट्रकूट राजाची चाकरी करत होती. पुढचं आणखी ऐका. त्यानं दोन प्रवाहांवर फुकट तरीची सोय केली. वाटसरूंसाठी अन्नछत्र उघडलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट. आणि संजाणला एका ब्राह्मणानं भगवतीची मठिका बांधली, तेव्हा तिच्या देखभालीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि ब्राह्मणांच्या भोजनासाठी एक गाव आणि काही जमीन या अरब अधिकाऱ्यानं राजाच्या संमतीनं दान दिली. त्या दानाचाच हा ताम्रपट.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. कारण शाळेत यातलं एक अक्षर शिकल्याचं मला आठवत नाही. ताम्रपट आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) सापडलेला, आणि आपल्यालाच पत्ता नाही.

बरं, हा मधुमती एकटा-दुकटा होता का? तर नाही. इ.स. ९१६ च्या सुमारास बगदादचा मसुदी नावाचा प्रवासी-इतिहासकार सैमूरला आला. सैमूर म्हणजे अलिबागजवळचं चौल. त्यानं लिहून ठेवलंय, की तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले. आणि त्यांच्यात एक गट होता 'बयासिरा', म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी इथेच, हिंदुस्थानात जन्मलेले. त्यांच्या हुनरमनचं नावही त्यानं दिलंय, अबू सईद मारूफ बिन झकरिया.

१०,००० हा आकडा मोजून काढलेला नसणार. प्रवासी थोडं वाढवून सांगतात. निम्मा धरा हवं तर. तरीही ती छोटी वस्ती नव्हे. आणि 'इथेच जन्मलेले' हा वेगळा शब्द रुळलेला असेल, तर निदान एक-दोन पिढ्या आधीपासून घरं मांडलेली असणार.

तिथला त्या वेळचा राजा कोण, हेही मसुदी सांगतो. झंझ. हा शिलाहार झंझ राजा आपल्याला आपल्या ताम्रपटांतूनही माहीत आहे. त्यानं शंकराची बारा देवळं बांधली असं त्याच्या वंशजांचे लेख सांगतात. म्हणजे राजा बारा शिवालयं बांधतोय आणि त्याच्याच बंदरात अजान होतेय. दोन्ही एकाच काळात. दहाव्या शतकातले अरब भूगोलकार संजाण आणि चौलला जामा मशिदी असल्याचं लिहितात. गोव्यात तर ते तांब्यावरच कोरलंय. कदंब राजा जयकेशीच्या १०५९ सालच्या ताम्रपटात मशिदीच्या खर्चासाठी ठरवून दिलेल्या उत्पन्नाची नोंद आहे, आणि मशिदीला शब्द वापरलाय 'मिजिगिती'.

चिंचणीच्याच दुसऱ्या एका ताम्रपटात, इ.स. १०३४ च्या, देवीच्या मठिकेला दिव्याच्या तेलासाठी घाणा दान दिल्याची नोंद आहे. ज्यांना साक्षी ठेवून हे दान दिलं त्या मंडळींत अल्लिय, महर आणि मधुमत अशी नावं आहेत. 'अल्लिय'मधला अली आणि 'मधुमत'मधला मुहम्मद ओळखायला पंडित लागत नाही. देवीच्या दिव्याला तेल मिळतंय आणि गावच्या कारभारात अली बसलाय.

आता मला माहीत आहे, काही मित्र म्हणतील, "एवढं सगळं गोडगोडच होतं का रे?" नव्हतं. तेही सांगतो, कारण अर्धा इतिहास सांगणं म्हणजे थापच.

बलाझुरी हा नवव्या शतकातला अरब इतिहासकार. त्यानं लिहिलंय, की खलिफा उमरच्या काळात, इ.स. ६३६ च्या सुमारास, बहरीन आणि ओमानच्या सुभेदारानं ठाण्यावर आरमार धाडलं. होय, आपलं ठाणं. खलिफाला न विचारता हा उद्योग केल्याबद्दल त्याला वरून चांगलंच सुनावलं गेलं. पण आरमार आलं होतं. तोच बलाझुरी पुढे सांगतो, की फझल बिन माहान नावाच्या माणसानं सिंदान घेतलं आणि तिथे जामा मशीद बांधली. पुढे त्याच्या मुलांत भाऊबंदकी माजली, आणि इथल्या लोकांनी सिंदान परत घेतलं. पण मशिदीला हात लावला नाही, मुसलमानांना तिथे शुक्रवारची नमाज पढू दिली. हे सिंदान म्हणजे आपलं संजाण की कच्छातलं एखादं बंदर, यावर अभ्यासकांत वाद आहे. कुठलंही असो, एकाच गोष्टीत चढाई आहे, भाऊबंदकी आहे, परतफेड आहे आणि सोडून दिलेली मशीदही आहे.

आणि १३१८ ला देवगिरीचं राज्य पुरतं बुडाल्यावर ठाण्यात दिल्लीचा अंमल आला. तिथे १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, काजीबरोबर झालेल्या धर्माच्या वादातून. हेही खरं आहे. व्यापाऱ्यांची वस्ती आणि सुलतानाचा अंमल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्या शतकांतल्या आहेत. आपण ग्रुपवर भांडताना नेमकी ही दोन पानं एकमेकांना चिकटवतो. एकजण फक्त मागचं पान वाचतो, दुसरा फक्त पुढचं.

इथवर सगळी साक्ष लिहिलेली. तांब्यावरची आणि पुस्तकातली. पण लिहिणारा राजाचा माणूस असतो किंवा पाहुणा. जमीन काय म्हणते?

संजाणला जमीन विचारून बघितली गेली. २००२ ते २००४ या काळात तिथे उत्खनन झालं. वर्ल्ड झरतुष्टी कल्चरल फाउंडेशननं पुढाकार घेतला होता, पारशांच्या पहिल्या वस्तीचा माग काढावा म्हणून. स. प्र. गुप्ता, कुरुष दलाल, रुक्षाना नानजी, अभिजित दांडेकर अशी मंडळी त्यात होती. पारशांचा जुना दोखमा सापडलाच. शिवाय सापडली काचेची भांडी, मणी, नाणी, आणि खापरं, खापरं, खापरं.

त्यातलं एक खापर आपल्या कामाचं आहे. निळसर-हिरवी, फिरोजा रंगाची चकाकी असलेलं. हे भांडं आपल्याकडे बनत नव्हतं. ते इराक आणि इराणच्या आखाताकडून यायचं. खजूर, तेल असलं काहीबाही भरून रांजण जहाजावर चढायचे. आपल्याकडे मातीच्या भांड्याला काचेची झिलई द्यायची रीत तेव्हा नव्हती, त्यामुळे असा तुकडा दिसला की पुरातत्त्ववाले लगेच वाकतात. त्याच थरात चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे. म्हणजे एका बाजूला बसरा, दुसऱ्या बाजूला चीन, आणि मधे आपलं उंबरगावजवळचं संजाण. वस्तीचा भर आठव्या ते तेराव्या शतकात. ताम्रपट जे सांगतो त्याच काळाला जमीन 'हो' म्हणते.

पण तिथे कुणाला संगमरवरी महाल मिळाले नाहीत, तटबंदीचा किल्ला मिळाला नाही. इथेच आपली चूक होते. आपल्याला इतिहास म्हटलं की किल्ला दिसतो, नाहीतर देऊळ किंवा मशीद. पण ही माणसं चालती-फिरती होती. वाऱ्यावर येणारी. पावसाळा सरला की आखातातून जहाजं सुटायची, इथे मुक्काम पडायचा, वारा फिरला की परत. घाटावरून बैलांच्या पाठीवर माल बंदरात उतरायचा, तीही माणसं फिरतीचीच. काही लोक राहायचे, लग्न करायचे, त्यांची पोरं बयासिरा व्हायची. अशा वस्तीची घरं कुडाची, झावळ्यांची. कोकणच्या पावसात कूड किती वर्षं टिकणार? मागे राहतं ते फक्त न कुजणारं. खापर, काच, नाणं, मणी आणि कबरीचा दगड.

हे फक्त आपल्याकडेच नाही. समुद्रापलीकडे बघा. आफ्रिकेच्या शिंगावर सोमालीलँड म्हणून मुलूख आहे. उंट-शेळ्या घेऊन फिरणाऱ्या भटक्या लोकांचा. तिथे शहरं असतील असं बाहेरच्यांना वाटायचं नाही. १९३० च्या दशकात ए. टी. कर्ल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं माळावर पडकी गावं पाहून त्यांवर लिहिलं. मग कित्येक वर्षं फारसं काही नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत एक स्पॅनिश पथक तिथल्या लोकांना बरोबर घेऊन अबासा, फरदोसा अशी ठिकाणं तपासतंय. दगडी घरं, मशिदी, कबरी, आणि जमिनीवर विखुरलेले चिनी आणि आखाती भांड्यांचे तुकडे. भटक्यांच्या प्रदेशात मध्ययुगीन मुसलमानांची व्यापारी गावं, आणि बहुतेकांना तटबंदीच नाही. तट नाही म्हणजे भीती कमी. आजूबाजूचे भटके धनगर आणि गावातले व्यापारी एकमेकांवर जगत होते, असा त्याचा अर्थ पथकातले अभ्यासक लावतात. जो कायम फिरतीवर आहे त्याचा इतिहास इमारतीत शोधायचा नसतो, त्याच्या कचऱ्यात शोधायचा असतो.

तिथे निदान माळ मोकळा आहे. आपल्याकडे माळावर टॉवर आहे.

आता परत साष्टीत या. बोरिवली पश्चिमेला एक्सर गावात जा. घरांच्या दाटीत मोठाले वीरगळ उभे आहेत, माणसापेक्षा उंच. काहींवर जहाजांची लढाई कोरली आहे, वल्हेकऱ्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात. शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास समुद्रावर लढाई झाली, तिच्याशी काही अभ्यासक हे दगड जोडतात, काही त्यांना आणखी जुने मानतात. मी मधे एकदा मुद्दाम गेलो होतो. शेजारी एक मावशी कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "लोक येतात, फोटो काढतात, जातात. तुम्ही कुठून?" मी म्हटलं, "इथलाच, दोन स्टेशनं पलीकडचा." त्या हसल्या, म्हणाल्या, "इतकी वर्षं लागली होय यायला?"

खरंच लागली.

या वीरगळांवरून एक कळतं. इथल्या राजांचं बळ समुद्रावर होतं, आणि समुद्रावर जहाज हाकणारे, बंदर सांभाळणारे लोक नाना जातीधर्मांचे होते. मधुमतीला संजाणची बंदरं उगाच नव्हती दिली. बंदराची जकात हवी, तर बंदराची भाषा येणारा माणूस हवा. राजे उदार होते म्हणून हे घडलं असं समजू नका, त्यात त्यांचा रोकडा हिशोब होता. पण हिशोबातून का होईना, शेजार झाला आणि तो तीन-चार शतकं टिकला.

आणि तो पूर्ण पुसलाही गेला नाही. माहीमचे मखदूम अली माहिमी घ्या. जन्म १३७२, मृत्यू १४३१. अरबी वंश सांगणाऱ्या, किनाऱ्यावर स्थिरावलेल्या नवायत समाजातले. कुराणावर त्यांनी अरबीत भाष्य लिहिलं, ते आजही अभ्यासलं जातं. असा विद्वान एका रात्रीत तयार होत नाही. मागे पिढ्यानपिढ्यांची वस्ती, मदरसा, पुस्तकं, वाचणारे लोक लागतात. म्हणजे माहीमच्या खाडीकाठी ते सगळं होतं. त्यांच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दर्ग्याच्या मागच्या शतकांत काय होतं, हे माहीत असलेला माणूस मला अजून लोकलमध्ये भेटायचाय.

आता खरा मुद्दा. ज्यासाठी एवढं लिहिलं.

चौलचे १०,००० मसुदीनं सांगितले. हंजमन भांडुपच्या ताम्रपटानं सांगितलं. पण साष्टीतली त्या काळची माणसं नेमकी कुठल्या पाड्यात, कुठल्या बंदरावर राहत होती, हे सांगणारा कागद नाही. ते फक्त जमीनच सांगू शकते. आणि ती जमीन या दहा-पंधरा वर्षांत आपण तीन मजले खोल खणून भरावात टाकतोय. पूर्वी बैठी घरं होती, पाया चार-पाच फूट, खालचे थर शाबूत राहायचे. आता बेसमेंट, पार्किंग, पाइलिंग. एकदा बेसमेंट झालं की तिथला हजार वर्षांचा थर संपला. पुन्हा खणायला काही उरत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातली आणि पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातली अभ्यासक मंडळी गेल्या दशकात साष्टीची गावठाणं, कोळीवाडे, पाडे पायी हिंडली. त्यांना वीरगळ मिळाले, गधेगळ मिळाले, देवळांचे तुटके अवशेष मिळाले. कुठे विहिरीच्या कठड्याला, कुठे पिंपळाखाली, कुठे पायरी म्हणून वापरलेले. पण ते जमिनीच्या वर होतं ते. जमिनीखालचं बघायला यायची परवानगी बिल्डर देतो का? आणि आपण मागतो का?

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे, ब्रिटिशांच्या वेळचा. जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायचं. सोन्याचा हंडा निघाला तर कायदा जागा होतो. पण फुटक्या खापराची किंमत किती? शून्य रुपये. म्हणून ते डंपरमध्ये. एक्सरच्या दगडासारखं काही उभं असेल तर निदान नजरेला पडतं. खापराला वाली नाही.

बाहेर काय करतात बघा. इंग्लंडमध्ये १९९० पासून असा दंडक आला, की बांधकामात जुने अवशेष असण्याची शक्यता असेल तर आधी तपासणी करायची आणि खर्च बांधणाऱ्यानं सोसायचा. इस्तंबूलला येनिकापीमध्ये रेल्वे-मेट्रोसाठी खणलं, तर जुनं बंदरच निघालं, ३७ जुनी जहाजं मातीत रुतलेली. काम लांबलं, लोक वैतागले, पण आज शहर त्या जहाजांचा अभिमान मिरवतं. आपण किती ठिकाणी मेट्रो खणली?

मी काही कामं बंद पाडा म्हणत नाही. आमच्याच सोसायटीचा पुनर्विकास अडलाय, गळक्या छताखाली राहायची हौस कुणालाच नाही. मी एवढंच म्हणतो:

एक, जुन्या गावठाणात, कोळीवाड्यात, खाडीकाठी पाया खणणार असाल तर पुनर्विकासाच्या करारात एक ओळ घालून घ्या. खोदकामाच्या वेळी एका पुरातत्त्व अभ्यासकाला येऊन बघू द्यायचं. त्याला जेसीबी थांबवायची गरज नाही, खड्ड्याच्या भिंतीतले थर बघून फोटो काढायला काही तास पुरतात.

दोन, मातीत खापर, मणी, जुनं नाणं, कोरीव दगड दिसला तर उचलून घरी नेऊ नका. जागेवर फोटो काढा, शेजारी पट्टी नाहीतर पेन ठेवा म्हणजे आकार कळतो. जागा, तारीख आणि अंदाजे खोली लिहा. चकाकणारा निळा-हिरवा तुकडा असेल तर जास्तच. मग राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा विद्यापीठाला कळवा. जागा माहीत नसलेलं खापर मुकं असतं.

तीन, नगरसेवकाला विचारा. वॉर्डात किती वीरगळ, गधेगळ, जुन्या विहिरी, जुन्या कबरी आहेत, यादी आहे का? नसेल तर आपणच करू. कॉलेजची मुलं रील बनवतात, यादीही बनवतील.

आणि चार, सापडलं ते कुणाचं निघेल याला घाबरू नका. देवीचं निघेल, मशिदीचं निघेल, पारशांचं निघेल, बुद्धाचं निघेल. कान्हेरी आणि महाकाली लेणी आपल्या डोक्यावर असताना काहीही निघू शकतं. साष्टीच्या मातीनं कुणाला परत पाठवलेलं नाही. 'कबर निघाली तर काम अडकेल' आणि 'मूर्ती निघाली तर देऊळ बांधू' या दोन्ही भीती-हौशींपायी आपण तिसरंच करतो. गुपचूप रात्री डंपर भरतो.

त्या रात्री ग्रुपवर भांडणारे दोघंही माझे शेजारी. एकाला मधुमतीची गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "म्हणजे तलवार होतीच ना!" दुसऱ्याला ठाण्याच्या आरमाराचं सांगितलं, तर तो गप्प बसला. मग मी दोघांनाही विचारलं, की देवीच्या नैवेद्याला गाव देणारा तो अरब आपला की परका? दोघंही विचारात पडले. थोड्या वेळानं पहिला म्हणाला, "अन्नछत्रात तूपपण द्यायचा म्हणतोस?"

होय. तूपपण. तांब्यावर लिहिलंय.

आपल्या भागात कुठे खोदकाम चालू असेल आणि असं काही दिसलं असेल तर खाली कॉमेंटमध्ये फोटो टाका, ठिकाणासकट. भांडण नको, फोटो टाका. डंपर सकाळी लवकर येतो.